अंगठा आत

कागद क्रमांक दोनशे सतरा.
केवळाबाई खंदारे, वय अंदाजे साठ, राहणार सोनपेठ.
व्यवसायाच्या रकान्यात खिडकीवरच्या कारकुनानं
लिहून टाकलंय: काही नाही.

पदराला करडईच्या तेलाचा वास.
गळकं भांडं कल्हईवाल्यापुढं ठेवावं
तसा उजवा हात तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं?"
तिनं अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं
आणि कोपराकडं ओढत नेलं.
"हितून हितवर दुखायलंय.
रातच्याला तांब्याबी उचलना."
मी टिंब मागितलं होतं, तिनं रेघ दिली.

शिकवलेल्या क्रमानं जाते मी.
अंगठ्याचा सांधा दाबून फिरवते, जात्याच्या खुंट्यासारखा.
"तिथं न्हाई बाई."
म्हणजे हाड झिजलेलं नाही.
मनगटाच्या मधोमध टिचकी मारते.
बोटांत मुंग्या येतात?
"मुंग्या घरात लई हायेत, बोटात न्हाईत."
म्हणजे नस मोकळी.
मनगटाच्या चार बोटं वर तळवा ठेवून म्हणते,
हलवा आता वरखाली.
कातड्याखाली करकर लागली असती,
नवी वहाण करकरते तशी,
तर हे दुखणं वेगळं निघालं असतं.
काही लागत नाही.

"अंगठा वर उचला. मी दाबते, तुम्ही सोडू नका."
ती सोडत नाही.
कुणाला तरी हळूच शिवी देते
आणि सोडत नाही.

उरली एक.
"अंगठा तळव्यात घ्या. चार बोटं वरून मिटा."

ती माझ्याकडं बघत राहिली.
"आशी मूठ तर लेकरं घिऊन येत्यात, बाई.
अंगठा आत दाबून.
चाळीस वर्सं झाली, पायावर घेते
आन् तेलाचं बोट घालून एकेक मूठ उघडते.
त्याबिगर मह्या हातची आंघोळ न्हाई.
आत काय निघतंय, ठावं हाय?
मळ. दोऱ्यावानी.
कुठून आणत्यात, देवाला म्हाईत."

मी म्हणाले, मिटा.

सोनपेठातल्या कितीएक मुठी उघडलेला तो अंगठा
स्वतःच्याच बोटांखाली गेला.
मी ती मूठ दोन्ही हातांत धरली
आणि हलकेच करंगळीकडं कलवली,
भरला तांब्या ओतावा तशी,
इतकीच, याहून जास्त नाही,

"अगं माय गं!"

बाकावरचं एक तान्हं दचकून जागं झालं.
मी कागदावर अधिकची खूण केली.
ही तपासणी अशीच आहे,
दुखलं म्हणजे बरोबर.

पुस्तकात खाली बारीक अक्षरात लिहिलंय
की जिच्यावर एका डॉक्टरचं नाव आहे
ती ही मुठीची रीत मुळात त्याची नव्हेच.
केली दुसऱ्यानं, नाव चिकटलं याचं.
का कोण जाणे, मी हे केवळाबाईला सांगितलं.
ती फुंकर घालत होती मनगटावर.
"आसंच आसतंय," म्हणाली.
"बारशाला मला तरी कोन बलावतंय?
नाव ठिवायच्या आदी लुगडं दिऊन वाटं लावत्यात."

पट्टा बांधला. तीन आठवडे.
पिळायचं नाही, चोळायचं नाही,
लेकरू काखेत हात घालून उचलायचं नाही.
ती मान हलवत होती, ऐकत नव्हती.
"रुक्साराचं पोरगं पंधरा दिसाचं हाय.
डाव्यानं करीन."
"डावाही दाखवा मग."
डावा हात पदराखाली गेला.
"त्याला काय धाड भरलीय," म्हणाली, जरा घाईनं.

दारापाशी, बाकाजवळ, ती थांबली.
ते तान्हं अजून रडत होतं,
मुठी घट्ट, अंगठे आत.
त्याच्या आईला न विचारता
पदराखालचा हात बाहेर आला,
ओठ दाबून तिनं तो अंगठा
त्या एवढ्याशा मुठीत सरकवला,
बोटं उलगडली,
काहीतरी चिमटीत धरून फुंकलं.

मी पुढचा कागद ओढला.
दोनशे अठरा.